पदराला हात लावू नको

मैलापूर, चेन्नई
५ ऑक्टोबर २००६

सौ. रुचा खांबेटे यांस,

नारायणस्वामी राव याचा नमस्कार. विनंति विशेष.

मी तुमचा शिंपी. मंगळवारीं तुम्ही मुलीच्या रेशमी परकराची पिशवी माझ्या टेबलावर आपटलीत आणि मोबाइलवर आपल्या ताईंशी मराठींत बोलूं लागलांत. तें बोलणें संपेपर्यंत मी टेप गळ्यांत घालून समोर उभा होतों. तुम्हांस वाटलें, हा यंडुगुंडू भाषेचा मनुष्य, ह्याला काय कळतें. मला अवघें कळलें. आमच्या घरीं मराठीच बोलतात. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर तंजावरास आले. ते घोड्यावर बसून आले असें माझे काका सांगत, तंबू शिवायला आले असें आजोबा सांगत. तंबूचें खरें असावें.

तेव्हांच कां बोललों नाहीं असें तुम्ही पुसाल. दुकानांत आणखी गिऱ्हाइकें होतीं. त्यांच्यासमोर तुमचें तोंड उतरूं नये असें वाटलें. शिवाय, खरें सांगतों, पुढें काय म्हणतां तें ऐकायचें होतें. स्वतःविषयीं इतकें मोकळें बोलणें मनुष्यास क्वचित् ऐकायला मिळतें.

जें ऐकलें तें असें. मद्राशी लोक तोंडावर गोड हसतात आणि मागून गळा कापतात. मान हलवतात ती होकाराची कीं नकाराची, तें त्यांच्या देवालाही ठाऊक नसेल. आधींच शिंपी, त्यांत मद्राशी, मग कापड जागेवर राहील कसें. ह्या शेवटच्या वाक्याशीं मी अमळ घोटाळलों. शिंपी तर मी आहेंच. मद्राशी आहें कीं नाहीं, हें आमच्या घरांत तीनशें वर्षें ठरलेलें नाहीं. इथले लोक आम्हांस 'रायर' म्हणतात आणि बाहेरचे समजतात. तुम्ही प्रथमच मला निखालस इथला ठरवलेंत.

आतां कामाचें. तुमची तक्रार अशी कीं, आईच्या साडीचा परकर झाला, पोलकें झालें, पण पदर वेगळा परत यायचा होता तो पिशवींत नाहीं. साडी देतांना तुम्ही पदर छातीशीं धरून हिंदींत म्हणालां होतां, "पल्लू को हाथ मत लगाना." तें मी तसेंच तमिळमध्यें आमच्या कापणाऱ्यास सांगितलें, "मुंदानैला कै वैक्कादे." पदराला हात लावूं नको. कापणारा म्हणजे सुंदर. माझ्या डोक्यावर केस होते तेव्हांपासून तो माझ्याकडे आहे. चौकशी करून कळवतों.

देवनागरी मी हिंदीच्या परीक्षेसाठीं शिकलों आणि भाषा आजोबांची आहे. दोहोंचें जमत नाहीं, सांभाळून वाचा. दुकानांत अवश्य या, पण आतां मराठींत जपून बोला.

आपला,
नारायणस्वामी राव

⁂

सिरुसेरीजवळ, चेन्नई
९ ऑक्टोबर २००६

श्री. राव यांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून कान गरम झाले. मकरंदला दाखवलं, तर तो सोफ्यावर आडवा होऊन हसला. मकरंद म्हणजे माझे मिस्टर, इथल्या आयटी पार्कात आहेत. म्हणाला, "आता बोल फोनवर."

पण काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुम्ही सांगायला हवं होतं हो. पाटीवर नुसतं राव आहे, मला वाटलं आंध्रातले असाल. आपलं माणूस आहे हे कळलं असतं, तर मी असं कशाला बोलले असते? ते तुमच्याबद्दल नव्हतंच. ते यांच्याबद्दल होतं. तुम्ही आपले.

आणि मी उगीच बोलत नाही. आम्हाला इथे येऊन वर्ष होत आलं, तर रिक्षावाला मीटर म्हटलं की आकाशाकडे बघतो. प्लंबरला फोन केला की तो 'नाळैक्कि' म्हणतो, म्हणजे उद्या, आणि तो उद्या अजून उजाडलेला नाही. नाशिकचा प्लंबरही यायचा नाही, पण तो का येत नाही ते निदान कळायचं.

साडीचं सांगते, म्हणजे माझा संताप तुमच्या लक्षात येईल. ही नारायणपेठी माझ्या आईची. आई गेल्या माघात गेली. कोणी पाहुणे यायचे झाले की ती पदराचं टोक ओठानं ओलं करून माझं तोंड पुसायची. माझ्या लग्नानंतरसुद्धा, ऊर्मी झाल्यावरसुद्धा. चारचौघांत मला इतका राग यायचा. बाकी साडीचं लेकीला काही शिवावं, तिनं नवरात्रात घालावं, आणि पदर मात्र माझ्यापाशी ठेवावा, एवढंच मनात होतं.

तुमच्यावर संशय नाही, स्पष्ट लिहिते. पण तो तुमचा कापणारा बघा. मी पदर दाखवत होते तेव्हा एकटक बघत उभा. एक शब्द नाही, हसणं नाही. काळाकभिन्न, डोळे लाल. असल्या माणसांचा मला लगेच अंदाज येतो. तुम्ही सरळमार्गी, तुमच्या पाठीमागे काय चालतं ते तुम्हाला कसं कळणार? त्याला जरा खडसावून विचारा. आणि त्यानं परकराचंही काम नीट केलेलं नाही. अस्तर इतकं जाड घातलंय की ऊर्मीला तो पेलत नाही. म्हणते, "आई, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं."

आईची दुसरी काही वस्तू माझ्याकडे नाही, काका. दागिने वहिनीकडे राहिले.

तुमची,
रुचा

⁂

मैलापूर
१६ ऑक्टोबर २००६

चि. सौ. रुचा हिस अनेक आशीर्वाद.

काका म्हटलेंस म्हणून एकेरीवर आलों. तुझें पत्र मी अन्नपूर्णाबाईस, म्हणजे माझ्या कुटुंबास, दोनदां वाचून दाखवलें. "तुम्ही आपले" ह्या ओळीशीं दोन्ही वेळां थांबलों. पत्राच्या शेवटीं 'आपला' लिहायची रीत आहे म्हणून मी जन्मभर लिहीत आलों. समोरून कोणी तसें म्हटलें नव्हतें. एकदां पुण्यास गेलों होतों. खानावळींत बसून चोखट मराठींत भात मागितला. गल्ल्यावरचा गृहस्थ म्हणाला, "अण्णा, हिंदी में बोलो, हम समझ लेंगे." मी हिंदींत भात जेवलों आणि परत आलों.

सुंदरला पुसलें. कात्री हातांत होती ती खालीं न ठेवतां तो म्हणाला, "एल्लाम् अदुलये इरुक्कु." म्हणजे, सगळें त्यांतच आहे. मी म्हटलें, पदर पुसतों आहें, पदर कुठें? तो म्हणाला, "पाहिलें तर दिसेल." मालकाशीं बोलायची ही रीत झाली काय? तुझें पत्र माझ्या खिशांत होतें. मी म्हटलें, आमच्या लोकांतली मुलगी आहे, तिची आई गेली, तिच्या साडीलाही तुला हात लावावासा वाटला? 'आमच्या लोकांतली' म्हटल्यावर त्यानें माझ्याकडे पाहिलें. मग कात्री पुसली, फडक्यांत गुंडाळली, फळीवर ठेवली. मी दुसऱ्यांदां पुसलें नाहीं, त्यानेंही सांगितलें नाहीं.

त्याला काढलें. तुझ्या मनास समाधान वाटावें म्हणून कळवतों. पदर मात्र हुडकून सांपडला नाहीं, ह्याचें वाईट वाटतें.

आपला,
नारायणस्वामी राव (काका)

⁂

सिरुसेरीजवळ
२७ ऑक्टोबर २००६

ती. काकांना सा. न.

बरं केलंत. तुमच्यासारख्या मऊ माणसाला जड गेलं असेल, पण एकदा खोट दिसली की ठेवून घेण्यात अर्थ नसतो. त्याचं कुठेतरी होईलच, या लोकांचं काही अडत नाही.

सोबत फराळाचा डबा आहे. चिवड्यात कढीपत्ता थोडा जास्त पडलाय. मकरंद म्हणतो, तू आता इथली झालीस.

आमच्या इमारतीत मराठी घरं बरीच आहेत. सगळ्यांना तुमचं नाव सांगितलंय. म्हटलं, मैलापुरात आपला माणूस आहे, डोळे मिटून द्या. शेजारची कनका (ती तमिळ आहे, पण चांगली आहे) विचारत होती, पदर मिळाला का. म्हटलं, तो गेला, पण ज्यानं नेला त्यालाही घालवलं. तिनं विषय बदलला. तिचं मन तिकडेच असणार.

परकर कपाटात वर ठेवून दिलाय. ऊर्मी घालायला मागत नाही आणि मला बघवत नाही.

तुमची,
रुचा

⁂

मैलापूर
१८ जानेवारी २००७

चि. सौ. रुचा हिस आशीर्वाद.

डबा अजून माझ्याकडे आहे. आमच्यांत रिकामा डबा परत धाडत नाहींत आणि अन्नपूर्णाबाईनें त्यांत घालायला कांहीं केलेलें नाहीं. पोंगलही होऊन गेला. ती माझ्याशीं कामापुरतें बोलते. तिचें म्हणणें एवढेंच, सुंदर आपल्या घरीं इतकीं वर्षें जेवला आणि एकदांही ताट तसेंच टाकून उठला नाहीं. तो पदर नेऊन करील काय? मी म्हटलें, तुला माणसें कळत नाहींत. तेव्हांपासून हें असें.

तुझ्या इमारतींतल्या बायका येतात. प्रत्येक बाई बसल्याबरोबर म्हणते, "तुम्ही आपले, म्हणून हक्कानें सांगते," आणि मग जें सांगते तें परक्या शिंप्यास सांगायची छाती होणार नाहीं. एकीनें पोलकें तीनदां उसवायला लावलें. चौथ्यांदां आली ती गळा पुन्हा होता तसाच करून हवा म्हणून. दुसरी म्हणाली, "तुमच्या हाताखालच्या ह्या लोकांवर लक्ष ठेवा बरें." हें ती नव्या कापणाऱ्याच्या तोंडावर मराठींत म्हणाली. तो चंद्रमौळी. सारखा हसतो, कोणी कांहीं म्हटलें तरी मान डोलावतो, बायकांस फार आवडतो. त्याच्या पोलक्याच्या बाह्या काखेंत काचतात.

सुंदर आतां गुम्मिडिपूंडीस आहे, पोतीं शिवायच्या कारखान्यांत. मैलापुरांत त्याला कोणी कात्री हातांत दिली नाहीं. सगळे म्हणाले, रायर इतक्या दिवसांच्या माणसास उगीच काढणार नाहीं, कांहींतरी असेल. माझ्या चांगल्या नांवाचा असाही उपयोग झाला.

एक गोष्ट तेव्हां लिहिली नव्हती. तुम्ही घरांतून निघतांना 'येतो' म्हणतां. आम्ही 'जाऊन येतों' म्हणतों. तमिळ मनुष्य 'पोय्ट्टु वरेन' म्हणतो, तेंही जाऊन येतोंच. जातों असें कोणीच म्हणत नाहीं, तें मेलेल्यानें म्हणायचें. सुंदर त्या दिवशीं पायरीवर चपला घालून म्हणाला, "पोरेन." जातों. त्यावर मी "पो" म्हटलें. जा. तो रागाचा शब्द होता असें मी स्वतःस सांगतों. पण मला त्या वेळीं राग आला नव्हता. तुझ्या पत्रामुळें मी प्रसन्न होतों.

तुझा जीव कष्टी करायला हें लिहिलें नाहीं. दुसऱ्या कोणास मराठींत लिहूं?

आपला,
नारायणस्वामी

⁂

सिरुसेरीजवळ
१३ ऑक्टोबर २००७

ती. काकांना सा. न.

तुमच्या जानेवारीतल्या पत्राला उत्तर राहूनच गेलं. ऊर्मीची शाळा, मध्ये नाशिकला जाणं, मग मकरंदची फिरती पाळी. राग मानू नका.

एक गंमत झाली, ती सांगायला लिहितेय.

नवरात्र बसलं. कनकाकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्यात, त्या बघायला ऊर्मीला बोलावलं होतं. तिनं आपणहून तो परकर मागितला. घातला तर घोट्याच्या चांगला वर. वर्षात ताडमाड वाढलीय. कनका म्हणाली, खाली दुमड असेल, सोडून देते, आणि कात्रीच्या टोकानं तिनं अस्तराची शिवण उसवली.

काका, आत पदर होता.

कापलेला नव्हता. साडीलाच होता तो. शेवटची घडी आत वळवून अस्तराखाली सपाट बसवलेला, वर बारीक टाके, आणि ते फक्त अस्तराला, पदराच्या रेशमातून सुईसुद्धा गेलेली नाही. अस्तर जाड नव्हतंच. कनकानं टाके काढले तशी पदर सगळाच्या सगळा तिच्या मांडीवर आला. त्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता, आईचा आता येत नाही. कनकानं मला विचारलं, तू नक्की काय सांगितलं होतंस? मी म्हटलं, हात लावू नका असं. ती म्हणाली, मग त्यानं लावला नाही.

मकरंदचं म्हणणं, गैरसमज दोन्हीकडून झाला. मी वेगळा काढून द्या म्हणायला हवं होतं, आणि त्यानंही देताना नीट दाखवायला हवं होतं. भाषेचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. मलाही ते पटतं. म्हणजे, दिवसा पटतं.

तुम्ही त्या माणसाला माझ्या वतीनं कळवाल का? मला भाषा येत नाही, नाही तर मीच लिहिलं असतं. आणि त्याला पुन्हा कामावर घ्याल ना? घ्या. मी सगळ्यांना सांगेन तो चांगला आहे म्हणून.

तुमची,
रुचा

⁂

मैलापूर
१६ ऑक्टोबर २००७

चि. सौ. रुचा हिस,

गंमत वाचली.

भाषेचा प्रश्न आहे असें मकरंदराव म्हणतात. तुला तमिळ येत नव्हतें. मला येत होतें. "एल्लाम् अदुलये इरुक्कु." ह्याचा अर्थ, सगळें त्यांतच आहे. ह्याहून सोपें वाक्य तमिळमध्यें नाहीं. "पाहिलें तर दिसेल" हेंही त्यानें सांगितलें होतें. परकर आणून दे, मी पाहतों, एवढें तुला लिहायचें होतें. तुझ्या फोनवरच्या बोलण्यांत मी चोर होतों तेव्हां मी चौकशी करतों म्हणालों. मग तुझ्या पत्रांत मी आपला झालों आणि चौकशीची गरज उरली नाहीं.

तूं फोनवर म्हणालीस, मद्राशी तोंडावर हसतात आणि गळा कापतात. मग लिहिलेंस, तो हसला नाहीं म्हणून संशय आला. मी शिंपी आहें, दोन्ही बाजूंनीं घालतां येणारें कापड मला ओळखतां यायला हवें होतें. पण त्या वेळीं तें माझ्या अंगावर नव्हतें.

अन्नपूर्णाबाईस पत्र वाचून दाखवलें. ती ऐकून स्वयंपाकघरांत गेली.

शनिवारीं आयुधपूजा आहे. रविवारीं मी गुम्मिडिपूंडीस जातों.

नारायणस्वामी राव

⁂

सिरुसेरीजवळ
१८ ऑक्टोबर २००७

काका,

तुमचं पत्र कुरिअरनं आलं, उत्तरही तसंच पाठवतेय, वेळेत मिळावं म्हणून.

मलाही न्या. मकरंदला सांगितलेलं नाही, त्याला पटणार नाही. ऊर्मीला घेऊन येते, तिनं परकर घालावा, म्हणजे त्याला दिसेल. मी जे काही बोलायचं ते मराठीत तुम्हाला सांगेन, तुम्ही त्याला तमिळमध्ये सांगा. कनकाला न्यावं असं मनात आलं होतं, पण तिच्यासमोर मला बोलता येणार नाही.

तो मला काय म्हणेल याची भीती वाटते. काही म्हणाला नाही तर त्याची जास्त वाटते.

किती वाजता निघायचं ते कळवा.

रुचा

⁂

मैलापूर
२३ ऑक्टोबर २००७

सौ. रुचा खांबेटे यांस,

तुम्हांस वेळ कळवली नाहीं. मुद्दामच. तुम्ही बरोबर असतां तर माझ्याशीं मराठींत बोललां असतां, मी तुमच्याशीं मराठींत बोललों असतों, आणि तो बाजूला उभा राहिला असता. मागच्या खेपेस पत्रांतून तसेंच झालें होतें. ह्या कागदाच्या पाठीमागें त्याचा पत्ता तमिळमध्यें लिहिला आहे. जावेंसें वाटलें तर तुम्ही जा, मुलीस घेऊन जा, परकर घालून जा. कनकाबाईंकडून दोन वाक्यें शिकून घ्या. चुकलेलीं चालतील. मराठी माणसानें तमिळ चुकीचें बोललेलें इथें कोणी मनावर घेत नाहीं, मनावर घेतात तें दुसरेंच.

शनिवारीं दुकानांत पूजा झाली. सगळीं यंत्रें, टेप, कात्र्या देवापुढें मांडून त्यांना कुंकू लावायचें असतें. त्याची कात्री वर्षभर फळीवर त्याच फडक्यांत होती. चंद्रमौळीनें ती उचलली आणि हसत पुसलें, ही कोणाची? मी ती घेतली, कुंकू लावलें आणि दुसऱ्या दिवशीं पिशवींत घालून निघालों. अन्नपूर्णाबाईनें तुमचा डबा भरून दिला. म्हणाली, सुंदरला द्या, डब्याच्या मालकिणीस मी सांगेन काय तें. म्हणजे डबाही गेला असें समजा.

तो कारखान्याच्या मागल्या वस्तींत खोली घेऊन राहतो. विजयादशमीची सुट्टी होती. दारांत बसून दाढी करीत होता. मला पाहून उठला, बनियनवर सदरा चढवला, मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलें आणि आपण उभा राहिला. दुकानांतही तो असाच उभा असे. मी बोललों. मला तमिळ चांगलें येतें, पण तिथें मुद्द्यावर यायला फार वेळ लागला. पदर सांपडला, तसाच होता, सुईदेखील लागली नव्हती, हें सांगितलें. तुमचें नांव सांगितलें. माझी चूक झाली म्हणालों. आमच्या माणसांत मालक कामगारास असें म्हणत नाहीं, आणि हें लिहितांना 'आमच्या माणसांत' म्हणजे कोणांत, तें मला कळेनासें झालें आहे.

त्यानें ऐकून घेतलें. मग पुसलें, "पाप्पा वळंदुट्टाळा?" बाळ वाढलें काय?

मी म्हटलें, हो, परकर वर येऊं लागला, म्हणून तर उसवला. त्यावर तो हसला. इतक्या वर्षांत मी त्याला हसतांना क्वचित् पाहिला असेन. म्हणाला, पदर तसाच राहूं द्या, कापूं नका, दोन वर्षांनीं तोच खालीं सोडतां येईल, मी त्या हिशेबानेंच घडी घातली होती. बाईंनीं तो असा छातीशीं धरला होता कीं कात्री लावायला जीव झाला नाहीं. मी म्हटलें, मग त्या दिवशीं हें नीट कां नाहीं सांगितलेंस? तो म्हणाला, "सांगितलें होतें." आणि पुढें म्हणाला, "तुम्हीं पुसलें होतें तेव्हां तुम्ही रायर होतां. पुसून झालें तेव्हां तुम्ही त्यांचे होतां."

कात्री दिली. त्यानें फडकें सोडलें, कुंकू पाहिलें, आंगठ्यानें धार पाहिली. पुन्हा तशीच गुंडाळून आंत नेऊन देवाच्या तसबिरीपाशीं ठेवली. मला वाटलें, आतां म्हणेल, सोमवारीं येतों. मी म्हटलेंही, दुकान तुझें आहे, चंद्रमौळीस मी सांगतों काय तें. तो म्हणाला, त्या बिचाऱ्यानें काय केलें?

मग त्यानें मला बसथांब्यापर्यंत आणून सोडलें. ऊन होतें, सगळ्या वाटेनें तो माझी पिशवी हातांत घेऊन चालला. बस आली. मी पायरीवर चढलों, मागें वळून म्हटलें, "पोय्ट्टु वरेन, सुंदर." जाऊन येतों. ह्याला उत्तर ठरलेलें आहे, तें लहान पोरही देतें. "वांग." या. मी दांडा धरून उभा राहिलों. कंडक्टरनें शिटी वाजवली.

त्यानें पिशवी माझ्या हातांत दिली आणि म्हणाला, "पोंग."

जा. पण आदरानें. मी त्याला नुसतें 'पो' म्हटलें होतें.

नारायणस्वामी राव
शिंपी, मैलापूर